काडी कापायच्या आधी टॅग वाचा: पेटंटवाल्या फळझाडांचं कलम घरी करायचं की नाही

जानेवारी-फेब्रुवारी आला की अमेरिकेतल्या आपल्या मराठी बागवाल्यांची गडबड सुरू होते. झाडं झोपलेली असतात, काड्या घ्यायचा हाच काळ, मग कोण सफरचंदाच्या काड्या मागतंय, कोण अंजिराच्या, कोणाला ब्लॅकबेरीचं रोप पाहिजे. खुंट (ज्या मुळावरच्या रोपावर काडी बांधायची तो) कुठला घ्यायचा, पाचर कलम की डोळा भरायचा, टेप कुठली, सगळं विचारतात. फक्त या झाडाची काडी घ्यायची मला परवानगी आहे का हे मात्र कोणी विचारत नाही. आणि त्यात चूक कोणाची नाही, आपण वाढलोच अशा घरात की शेजारच्या वाड्यातला मोगरा आवडला की काडी मागायची आणि समोरचा दोन जास्तीच्या देणार, वर कशी लावायची तेही सांगणार. इथे अमेरिकेत काही फळझाडांच्या बाबतीत ते चालत नाही, आणि का चालत नाही, कुठल्या झाडाला चालतं, कसं तपासायचं, हे मी स्वतः चुकून शिकले म्हणून सविस्तर लिहितेय.

माझी चूक अशी. बिनकाट्याची ब्लॅकबेरी आणली होती, छान वाढली, ऑगस्टच्या शेवटी तिचे लांब वेत वाकून शेंडे जमिनीला टेकले. ब्लॅकबेरीचा शेंडा मातीला लागला की तिथे मुळं फुटतात, आपण काही करायलाच नको, मी फक्त वरून मूठभर माती टाकली आणि एकेक दगड ठेवला. वसंतात पाहिलं तर पाच रोपं तयार, पांढऱ्या मुळांचा झुपका आणि मधोमध गुलाबीसर कोंब. दोन मी कुंपणाशी लावली, तीन मैत्रिणींना दिली. मग महिन्याभराने जुन्या झाडाखालचं गवत काढताना प्लास्टिकचा टॅग सापडला, चिखलाने भरलेला, नळाखाली धरून अंगठ्याने घासला तर वाणाचं नाव, त्यापुढे पीपी (म्हणजे प्लांट पेटंट) आणि पाच आकडी नंबर, आणि खाली बारीक अक्षरात अनलायसन्स्ड प्रॉपगेशन प्रोहिबिटेड, म्हणजे परवान्याशिवाय रोपं करायला मनाई. त्या रात्री बसून शोधलं तर पेटंट अजून बरीच वर्षं चालणार होतं. मैत्रिणींना फोन करून सांगितलं, माझी दोन रोपं उपटली, तिघींसाठी परवान्याची रोपं विकत आणून दिली. टॅग पहिल्याच दिवशी वाचला असता तर हे सगळं टळलं असतं, म्हणून शीर्षकात तेच लिहिलंय.

आता कायदा, कारण तो कळला की बाकी सगळं सोपं होतं. अमेरिकेत 1930 साली प्लांट पेटंट अॅक्ट आला. त्याआधी नवीन यंत्र शोधणाऱ्याला पेटंट मिळायचं, पण नवीन सफरचंद किंवा नवीन गुलाब तयार करणाऱ्याला काहीच नाही, पहिलं झाड विकलं की दुसऱ्या दिवसापासून कोणीही त्याच्या हजारो कलमा करायला मोकळा. पहिलं प्लांट पेटंट 1931 मध्ये न्यू डॉन नावाच्या वेली गुलाबाला मिळालं. ल्यूथर बरबँक, ज्यांनी आयुष्यभर प्लम, पीच असल्या फळांचे नवे वाण काढले, ते 1926 मध्येच गेले, त्यांच्या वाणांना पेटंट मिळाली ती मरणानंतर.

या पेटंटमध्ये मालकाला हक्क मिळतो तो दुसऱ्याला थांबवण्याचा. कशापासून थांबवायचं, तर त्या झाडाची बियाण्याशिवाय प्रत काढण्यापासून, आणि अशी काढलेली झाडं किंवा त्यांचे भाग वापरण्यापासून, विकण्यापासून, आयात करण्यापासून. ‘भाग’ हा शब्द 1998 मध्ये घातला, म्हणजे चोरून केलेल्या झाडाची फळंसुद्धा त्यात आली. बियाण्याशिवाय म्हणजे छाट कलम, डोळा भरणे, पाचर कलम, गुटी, दाब कलम, स्ट्रॉबेरीचे धावते फुटवे, मुळांपासून आलेले फुटवे वेगळे करणं, टिश्यू कल्चर, सगळंच. आणि एक बारीक गोष्ट जी लिंबूवर्गीय झाडं लावणाऱ्यांनी लक्षात ठेवावी, काही लिंबूवर्गीय बियांमध्ये आईसारखेच हुबेहूब गर्भ तयार होतात, पेटंट ऑफिस तेही बियाण्याशिवायच्या पद्धतीतच धरतं, त्यामुळे बी लावली म्हणून सुटलो असं तिथे नाही.

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे की मी विकत नाहीये ना, घरच्यासाठी करतेय, मग चालतं. नाही चालत. कायद्यातल्या वाक्यात प्रत काढणं हेच वेगळं लिहिलंय, विकणं वेगळं लिहिलंय. घरगुती वापराला सूट असं प्लांट पेटंटच्या कायद्यात कुठेही नाही. एक झाड, स्वतःच्या परसात, स्वतःच्या मुलांसाठी, तरी ती प्रतच. फुकट दिलं तरी प्रतच. आणि मला माहीत नव्हतं यानेही ती प्रत कायदेशीर होत नाही. हो, ही दिवाणी बाब आहे, यात पोलीस येत नाहीत, मालकाने दावा लावला तर नुकसानभरपाईचा प्रश्न येतो. पण दावा लागेल का नाही यावर ठरवायची ही गोष्ट नाही असं मला मनापासून वाटतं, आणि का वाटतं ते सांगते.

हास अॅव्होकाडो आपण सगळे खातो. तो रुडॉल्फ हास नावाच्या पोस्टमनच्या झाडावरून आला, कॅलिफोर्नियातल्या ला हाब्रा हाइट्समध्ये. 1926 च्या सुमारास त्यांनी बी लावली, त्या रोपावर दुसऱ्या चांगल्या जातीची कलम बांधायचा प्रयत्न केला तर ती लागेना, मग रोप तसंच राहू दिलं आणि त्याला आलेली फळं घरच्या मुलांनाच फार आवडली. 1935 मध्ये पेटंट घेतलं. पण बागायतदारांनी काय केलं, एक झाड विकत घेतलं आणि त्याच्या काड्यांवरून अख्खी बाग बांधली. सतरा वर्षांच्या पेटंटमधून हासना साधारण 5000 डॉलर मिळाले, पोस्टाची नोकरी त्यांना सोडता आली नाही, 1952 मध्ये पेटंट संपलं आणि त्याच वर्षी ते गेले. आज जगात व्यापारी अॅव्होकाडोत सगळ्यात जास्त चालतो तो हाच. एकेकाने एकेक काडी घेतली तर काय बिघडतं असं म्हणताना मला हे आठवतं.

आणि नवीन वाण काढायला किती वर्षं लागतात हेही बघा. हनीक्रिस्प या सफरचंदाचा संकर मिनेसोटा विद्यापीठात 1960 मध्ये झाला आणि झाड लोकांपर्यंत आलं 1991 मध्ये. कॉस्मिक क्रिस्पचा संकर वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत 1997 मध्ये, आईबाप एंटरप्राइज आणि हनीक्रिस्प, आणि फळ दुकानात आलं 2019 च्या डिसेंबरमध्ये. बावीस वर्षं. मधे हजारो रोपं लावायची, चाखायची, उपटून टाकायची. रॉयल्टीतून पुढच्या वाणाचं काम चालतं. म्हणून माझं म्हणणं, पेटंट चालू असेल तर झाड विकत घ्या, आणि संपलं असेल तर मोकळ्या मनाने कलम करा, दोन्ही गोष्टी तेवढ्याच बरोबर आहेत.

मग तपासायचं कसं. सुरुवात टॅगपासून. टॅगवर साधारण दोन नावं असतात आणि लोक इथेच फसतात. एक मोठं आकर्षक नाव, त्यावर टीएम किंवा वर्तुळातला आर, ते ट्रेडमार्क. दुसरं लहान अक्षरात, बऱ्याचदा एकेरी अवतरणचिन्हात, ते वाणाचं खरं नाव. पेटंट शोधायला दुसरं नाव लागतं. कॉस्मिक क्रिस्प हा ट्रेडमार्क, वाण डब्ल्यूए 38. पिंक लेडी हा ट्रेडमार्क, वाण क्रिप्स पिंक. स्वीटँगो म्हणजे मिनेइस्का. कॉटन कँडी द्राक्षं, जी मुलं मागून मागून खातात, ती आयएफजी सेव्हन. ट्रेडमार्क नूतनीकरण करत राहिलं की कितीही वर्षं चालतो, पेटंट मात्र संपतं. क्रिप्स पिंकचं अमेरिकेतलं पेटंट संपलंय, तुम्ही त्याची कलम करू शकता, पण फळं विकायला बसलात तर पिंक लेडी नावाने विकू शकत नाही. घरच्या माणसाला एवढा फरक कळला तरी खूप झालं.

नावाच्या आसपास पीपी आणि नंबर असेल तर पेटंट मिळालेलं आहे (चालू आहे का संपलंय ते पुढे बघू). पीपीएएफ असेल तर प्लांट पेटंट अप्लाइड फॉर, म्हणजे अर्ज केलाय. पीपीएएफला अजून पेटंट नाही म्हणून घाईघाईने काड्या काढून घेणारे मी पाहिलेत, तसं करू नका, उद्या पेटंट मिळालं की तुमची पुढची प्रत्येक प्रत उल्लंघन होणार, शिवाय पीपीएएफवाला टॅग जुना असेल तर पेटंट मधल्या काळात मिळालेलंही असेल. ते पेटंटवालंच समजून चाला. नुसता नंबर, पुढे पीपी नाही, असं दिसलं तर ते युटिलिटी पेटंट (यंत्रांसारख्या शोधांना मिळतं तसलं) असू शकतं, ते जास्त कडक, त्यात बी आणि संकर करणंसुद्धा येऊ शकतं, तिथे पेटंटमधले दावे नीट वाचावे लागतात. फळझाडांच्या टॅगवर हे कमी दिसतं.

टॅगच नाही? हरवला, नर्सरीने लावलाच नव्हता, घर घेतलं तेव्हा झाड होतंच? टॅग नाही म्हणजे पेटंट नाही असं होत नाही. नाव शोधायला लागेल, जुनं बिल, नर्सरीचा कॅटलॉग, आधीच्या मालकाला विचारणं. नाव कळतच नसेल तर काडी देऊ नका, एवढंच.

नाव किंवा नंबर हातात आला की गुगल पेटंट्सवर जायचं किंवा अमेरिकन पेटंट ऑफिसच्या पेटंट पब्लिक सर्चवर. गुगलवर इंग्रजीत यूएसपीपी लिहून त्याला लागून नंबर टाकला की बहुतेक वेळा सरळ ते पान येतं. नुसतं वाणाचं नाव टाकत असाल तर सोबत फळाचं नाव आणि प्लांट पेटंट हे शब्द टाका. पेटंटचं मूळ पान, म्हणजे पीडीएफचं पहिलं पान, उघडा. तिथे कंसात बारीक आकडे असतात, 54 समोर शीर्षक, 22 समोर अर्जाची तारीख, 45 समोर पेटंट मिळाल्याची तारीख. आपल्याला हवी ती 22 ची, अर्जाची. लोक 45 ची तारीख धरून हिशोब करतात आणि वर्ष-दोन वर्षं चुकतात. गुगल बाजूला ‘एक्सपायर्ड’ किंवा ‘अॅक्टिव्ह’ असं लिहितं तो त्यांचा अंदाज असतो, तेच खाली बारीक अक्षरात ते सांगतातही, म्हणून तारीख स्वतः मोजा.

मोजायचं असं. 8 जून 1995 किंवा नंतर अर्ज केलेला असेल तर अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं. आधीच्या एखाद्या अर्जाचा तो पुढचा भाग असेल तर त्या आधीच्या अर्जापासून मोजायचं, 63 नंबरच्या कंसापुढे तसं लिहिलेलं असतं. पेटंट ऑफिसने उशीर केला म्हणून काही पेटंटना थोडे दिवस वाढवून मिळतात, पहिल्याच पानावर ‘नोटीस’ म्हणून अमुक दिवस वाढवले असं छापलेलं असतं, ते मिळवा. आणि प्लांट पेटंटला मधेमधे फी भरत राहावी लागत नाही, त्यामुळे मालकाने फी भरली नसेल आणि संपलं असेल असली आशा ठेवू नका, ते पूर्ण मुदत जगतं.

1995 च्या आधीची पेटंट आता सगळीच संपलीयत पण हिशोब कसा होता ते हनीक्रिस्पवर दाखवते कारण गंमत आहे. अर्ज नोव्हेंबर 1988 चा, पेटंट मिळालं 1990 मध्ये. जुन्या नियमाने मिळाल्यापासून 17 वर्षं म्हणजे 2007. नवीन नियमाने अर्जापासून 20 म्हणजे नोव्हेंबर 2008. 1995 मध्ये जी पेटंट चालू होती त्यांना या दोन्हीतली लांबची तारीख मिळाली, म्हणून हनीक्रिस्प मोकळं झालं ते नोव्हेंबर 2008 ला. आज हनीक्रिस्पची काडी कोणीही घ्यावी, कोणालाही द्यावी. उलट डब्ल्यूए 38 चं पेटंट 2014 मध्ये मिळालंय, ते अजून बरीच वर्षं चालणार.

नंबर शोधायचा कंटाळा असेल तर एक झटपट अंदाज आहे, मी काड्यांच्या देवाणघेवाणीत तोच वापरते. अमेरिकेत वाण विकायला आल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, नाहीतर पेटंट मिळत नाही. एक अधिक वीस म्हणजे एकवीस, त्यात थोडी वाढ धरून मी पंचवीस वर्षं धरते. वाण पंचवीस वर्षांपेक्षा जास्त काळ बाजारात असेल तर त्याच्या प्लांट पेटंटची काळजी नको. पण एक मोठा अपवाद, आणि यात अनुभवी लोकही चुकतात. जुन्या वाणावर कधीतरी एखादी फांदी वेगळी निघते, जास्त लाल, लवकर पिकणारी, तिला स्पोर्ट म्हणतात, आणि त्या फांदीवरून केलेल्या वाणाला स्वतःचं नवीन पेटंट मिळतं. सफरचंदांत गाला मोकळा आहे, फुजी मोकळा आहे, पण गाला आणि फुजीचे कितीतरी रंगीत स्पोर्ट वेगवेगळ्या पेटंटखाली आलेत. म्हणून नावापुढे किंवा मागे आणखी एक शब्द असेल तर तो शब्द सोडू नका.

खुंटाचं कोणी बघत नाही! कॉर्नेल विद्यापीठाच्या जिनेव्हा मालिकेतल्या सफरचंदाच्या खुंटांपैकी बऱ्याच जणांवर पेटंट घेतलेलं आहे, आणि कलमाच्या जोडाखालून फुटणारे फुटवे काढून त्यांचेच आपण फुकट खुंट तयार करायला जातो. वरची काडी मोकळ्या वाणाची आणि खालचा खुंट पेटंटवाला असं होऊ शकतं. एम 9, एम 26, एमएम 106, एमएम 111 हे जुने इंग्लंडचे खुंट मोकळे आहेत, घरच्यासाठी तेच पुरे.

आणखी एक संरक्षण असतं त्याचं नाव पीव्हीपी, प्लांट व्हरायटी प्रोटेक्शन, ते कृषी खात्याकडून मिळतं. 1970 पासून ते बियाण्याच्या वाणांसाठी होतं, 2018 च्या फार्म बिलने कलमांनी वाढणाऱ्या झाडांनाही ते लागू केलं. झाडं आणि वेलींना 25 वर्षं, बाकीच्यांना 20. यात मात्र खाजगी आणि बिनव्यापारी वापराला स्पष्ट सूट आहे, घरच्यासाठी केलेली कृती उल्लंघन धरत नाहीत. बरेच लोक हीच सूट कुठेतरी वाचतात आणि पेटंटलाही लावतात. तसं नाही. नुसतं पीव्हीपी असेल तर परसातल्या परसात ठीक, पण त्याच वाणाला पेटंटही असेल तर पेटंट मोडून चालत नाही. टॅगवर काय लिहिलंय ते नीट बघा, दोन वेगळी आहेत.

आता समजा तपासलं आणि पेटंट चालू निघालं. मग काय करता येतं? बरंच काही. झाड विकत घेतलंय तर फळं खा, वाटा, विका, ती तुमची आहेत. छाटणी करा, फक्त छाटलेल्या काड्या लावू नका, कोणाला लावायला देऊ नका, मी त्या बारीक तुकडे करून आच्छादनात टाकते. झाड एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवा, कुंडीसकट मैत्रिणीला भेट द्या, विका, तेच झाड दुसऱ्याकडे गेलं तर प्रत झाली नाही. फळातली बी लावा, सफरचंदाची बी आईसारखी येत नाही, नवीनच झाड येतं, आणि प्लांट पेटंट अशा बियांच्या झाडाला लागत नाही, 1995 च्या इमाझिओ नर्सरीच्या खटल्यात फेडरल सर्किट कोर्टाने सांगितलं की उल्लंघन व्हायला तुमचं झाड पेटंटवाल्या झाडापासूनच बियाण्याशिवाय काढलेलं असावं लागतं. फळं यायला सहा-आठ वर्षं लागतील आणि कशी येतील सांगता येत नाही, पण ज्याला आवड आहे त्याने जरूर करावं, हासांचा अॅव्होकाडो असाच बीपासून आला ना.

परवानगीही मागता येते. विद्यापीठांचे वाण असतील तर त्यांचं लायसन्सिंग ऑफिस असतं, साधी ईमेल करा, कुठल्या वाणाची किती झाडं आणि कशासाठी ते लिहा. घरगुती एक-दोन झाडांसाठी शेवटी विकत घेणंच सोपं पडतं, पण शाळेची बाग, मंदिराची बाग असलं काही असेल तर विचारावं. उत्तर लेखी घ्या आणि जपून ठेवा.

स्ट्रॉबेरी, रास्पबेरी, ब्लॅकबेरी यांचं जरा वेगळं कारण त्या स्वतःच पसरतात. पेटंटवाली स्ट्रॉबेरी असेल तर मी धावते फुटवे दिसले की कात्रीने कापते, मुळं धरूच देत नाही, यात तोटाही नाही, ताकद फळात जाते. ब्लॅकबेरीचे शेंडे ऑगस्टमध्ये तारेला बांधून ठेवते. रास्पबेरीचे बाजूला आलेले फुटवे खणून काढते, दुसऱ्या वाफ्यात लावत नाही.

पण खरं सांगू का, घरच्या बागेला पेटंटवाल्या वाणांची गरजच फार कमी पडते. मोकळ्या वाणांची यादी एवढी मोठी आहे की आयुष्य पुरणार नाही. सफरचंदात हनीक्रिस्प, गोल्डन डिलिशस, ग्रॅनी स्मिथ. रास्पबेरीत 1969 ची हेरिटेज, वर्षातून दोनदा फळ देते. ब्लूबेरीत 1952 ची ब्लूक्रॉप. बिनकाट्याच्या ब्लॅकबेरीत ट्रिपल क्राउन, कृषी खात्याने 1996 मध्ये काढलेली, मी उपटलेल्या रोपांच्या जागी हीच लावलीय आणि चवीला कुठे कमी नाही. स्ट्रॉबेरीत चँडलर, कॅलिफोर्निया विद्यापीठाची, पेटंट होतं पण केव्हाच संपलं. द्राक्षात कॉनकॉर्ड, फ्लेम सीडलेस, आणि नाशिककडच्या लोकांना माहेरच्यासारखी वाटणारी थॉमसन सीडलेस. अंजिरात ब्राउन टर्की, सेलेस्ट. डाळिंबात वंडरफुल. अॅव्होकाडोत स्वतः हास. यातल्या कशाचीही काडी निर्धास्त घ्या. फक्त वर सांगितलेला स्पोर्टचा अपवाद विसरू नका.

मोकळ्या वाणाच्या काड्या घेतानाही एक गोष्ट सांभाळा, ती पेटंटची नाही, रोगाची. लिंबूवर्गीय झाडांच्या काड्या कॅलिफोर्नियात इकडून तिकडे नेऊ नका, ग्रीनिंगचा रोग त्यातून पसरतो, तिथे रिव्हरसाइडच्या विद्यापीठाचा सिट्रस क्लोनल प्रोटेक्शन प्रोग्रॅम तपासलेल्या काड्या देतो, त्याच घ्या. आणि भारतातून येताना बॅगेत हापूसची काडी आणायचा विचारसुद्धा नको, परवान्याशिवाय आणता येत नाही.

भारतातले नातेवाईक विचारतात की आमच्याकडे पण असंच आहे का, तर तिकडचा कायदा वेगळा आहे. भारताच्या पेटंट कायद्यात झाडांना पेटंटच मिळत नाही, त्याऐवजी 2001 चा वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे, त्यात शेतकऱ्याला संरक्षित वाणाचं बियाणं ठेवायचा, पेरायचा, देवाणघेवाण करायचा, विकायचासुद्धा हक्क दिलाय, फक्त ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. तिकडचा नियम इकडे लावू नका आणि इकडचा तिकडे सांगून मामाला घाबरवू नका.

शेवटचं काम नोंदीचं, आणि हे मी आता कधीच चुकवत नाही. प्लास्टिकचे टॅग दोन उन्हाळ्यांत तडकतात, शाई उडते, म्हणून मऊ अॅल्युमिनियमच्या पट्ट्या मिळतात त्यावर बॉलपेनने दाबून लिहायचं, अक्षर कोरलं जातं, पावसाने जात नाही. एका बाजूला वाणाचं खरं नाव, खुंट, कलम कधी बांधली. दुसऱ्या बाजूला काडी कोणाकडून आली आणि पेटंटची स्थिती. पट्टी तारेने सैल बांधा, खोडाला आवळून नको, खोड जाड होतं आणि तार आत रुतते. माझ्या मागच्या दारापाशी जे सफरचंद आहे त्याच्या पट्टीवर लिहिलंय, हनीक्रिस्प, एमएम 111 वर, पेटंट संपलं नोव्हेंबर 2008. गेल्या फेब्रुवारीत ती पट्टी वाचून तीन जणींनी काड्या नेल्या, प्रत्येकीला पेन्सिलएवढ्या जाडीच्या चार, ओल्या कागदात गुंडाळून, आणि सोबत तसलीच एक लिहिलेली पट्टी.